शाहदऱ्याच्या पायरीवरचा उजवा बूट

"जोडे चोरीला जातात, ते चोर हुशार असतो म्हणून नव्हे; मालक गाफील असतो म्हणून!"

हा सिद्धान्त मधू केतकराने जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखच्या आपल्या कचेरीत, वरिष्ठ फ्राऊ होइबेक यांच्यासमोर, तर्जनी उंचावून मांडला. प्रसंगही तसाच होता. बुटांचे सोल बनवणाऱ्या त्या लहानशा कंपनीने डोंगरवाटांसाठी एक नवा सोल घडवला होता. तो लावलेला जोड जगात एकच. रंगाने पिकल्या लिंबासारखा पिवळाजर्द. मधू सुट्टीत हिमालयाच्या पायथ्याशी, राजौरी जिल्ह्यात, किल्ले पाहायला निघाला आहे हे कळताच बाईंनी तो त्याच्या हवाली केला.

"हेर केतकर, खडकावर वापरा, उतारावर वापरा. पण दोन्ही बूट परत यायला हवेत. तुमची नोकरी कायम करायची की नाही, हे आम्ही या चाचणीवर ठरवणार आहोत."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" मधू म्हणाला. "ज्याने दहा वर्षं सह्याद्रीतले किल्ले पालथे घातले, त्याला जोडे सांभाळायला शिकवू नये!"

मधूचा पिंडच वादाचा. समोरच्याने त्याचे म्हणणे मान्य केले, तर केवळ वाद थांबू नये म्हणून तो स्वतःच विरुद्ध बाजूला जाऊन बसे. या गृहस्थाशी संसार करून त्याची पत्नी मीनल हिने एक विद्या साध्य केली होती: तो बोलत असताना आपले काम उरकून घेणे. एर्लांगेनच्या प्रयोगशाळेत तिच्याबरोबर काम करणारी एक मुलगी राजौरीची होती. तिच्याच माहेरी दोघे उतरणार होते. मीनलची अट एवढीच, की किल्ले त्याचे आणि शाहदरा शरीफचा दर्गा तिचा.

धनीधारचा किल्ला मधूने पिवळे बूट चढवून सर केला. बुरूज पाहिला, तटबंदीला हात लावला आणि इथे माची का नाही, या मुद्द्यावर एका सज्जन पहारेकऱ्याला धारेवर धरले. पुढे चिंगसची सराई लागली. काश्मीरहून परतताना जहांगीर बादशहा वाटेत वारला. ती वार्ता फुटू नये म्हणून त्याची आतडी इथे पुरली आणि देह पुढे लाहोरला नेला, असे तिथे सांगतात.

"म्हणजे अर्धा इकडे, अर्धा तिकडे!" मधू हरखून म्हणाला. "मीनल, ही तर आपली जोड्यांची युक्ती! देवळात गेल्यावर एक चप्पल या दाराशी, दुसरी त्या दाराशी. चोराला जोडी जुळवायला सवडच मिळत नाही."

"अहो, बादशहाला निदान परत जाऊन आतडी घालायची नव्हती!"

मधूने या टोमण्याकडे दुर्लक्ष केले. मोठ्या माणसांना ते करावेच लागते.

दुसऱ्या दिवशी शाहदरा. डोंगराच्या कुशीतला तो दर्गा, चहूकडे माणसांची वर्दळ, लंगरातून येणारा मक्याच्या भाकरीचा खमंग वास! दाराशी एका वृद्ध सेवेकऱ्याने हात पुढे केला. "जूते इधर दीजिए जनाब, टोकन ले लीजिए."

"टोकन म्हणजे चोराला दिलेली पावती!" मधू मीनलच्या कानाशी पुटपुटला आणि सेवेकऱ्याला म्हणाला, "हम अपना इंतजाम खुद करते हैं."

इंतजाम असा: डावा बूट पुढच्या दाराशी, चपलांच्या ढिगामागे, आणि उजवा पार पलीकडे, बाजूच्या अंगणातल्या एका स्वच्छ, रिकाम्या पायरीवर. पायरी इतकी नीटनेटकी होती, की मधूला ती मुद्दाम आपल्यासाठीच झाडून ठेवल्यासारखी वाटली.

दर्शन झाले. मीनलने चादर चढवली, डोळे मिटून काही मागितले. बाहेर येताच मधूने डावा बूट विजयी मुद्रेने उचलला आणि तो अंगणाकडे वळला. पायरी रिकामी!

"मीनल! उजवा गेला!"

"नीट बघा. दुसऱ्या पायरीवर ठेवला असेल."

"मी ठेवलेली वस्तू मला ठाऊक नसते का? एकट्या बुटाला कोण हात लावणार? हे तर्काला धरून नाही!"

आरडाओरडा ऐकून तोच वृद्ध सेवेकरी आला. त्याने आधी मधूच्या हातातला डावा बूट पाहिला, मग रिकामी पायरी, मग मधूचे तोंड.

"जनाब, एक वहाँ रखा और एक यहाँ? क्यों?"

"ताकि कोई चुराए नहीं!"

"चुराया तो किसी ने नहीं." म्हातारा हळहळला. "ये तो देने की सीढ़ी है. कंबल, कोट, जो गरीब को देना हो, लोग यहीं रख जाते हैं. और अकेला जूता देखा तो सब समझ गए, कोई नेक बंदा फजल के लिए रख गया."

"कौन फजल?"

सेवेकऱ्याने लंगराकडे बोट दाखवले. तिथे भिंतीशी कुबडी टेकवून पन्नाशीचा एक धिप्पाड माणूस बसला होता. सीमेजवळच्या शेतात सुरुंग फुटून त्याचा डावा पाय गेला होता. आणि उजव्या पायात पिकल्या लिंबासारखा झळकत होता जगातला एकमेव बूट! भोवती दहापाच जण जमून त्याचे अभिनंदन करत होते, जणू घरात बारसेच आहे.

मधू बाह्या सरसावून निघाला. मालकी, ताबा, गैरसमज आणि सद्हेतू, अशा चार मुद्द्यांची त्याने वाटेतच चळत रचली. एर्लांगेनमधले घर, कायमची नोकरी, फ्राऊ होइबेक यांचा चष्मा, सारे त्या एका बुटाला लटकत होते!

"भाईसाहब," त्याने घसा खाकरला, "ये जूता..."

"देखिए, देखिए!" फजलने पाय उचलून थेट त्याच्या नाकासमोर धरला. "हर बार जोड़ी खरीदता हूँ जी, एक पहनता हूँ, एक पड़ा रोता है. इस बार मन्नत माँगी कि बाबा, मुझे मेरे हिस्से का दे दो. और देखिए, नाप भी मेरा! रखने वाले के बच्चे जिएँ!"

मधूचा डावा बूट आपोआप पाठीमागे गेला. त्याच्या आयुष्यात प्रथमच चारही मुद्दे एकाच वेळी निकामी झाले.

"बोला ना," मीनल हळूच म्हणाली. "सांगा त्याला, काढ म्हणून."

"तू सांग."

"बूट माझा नाही."

मधूने मोकळा हात पुढे केला. "मुबारक हो," तो म्हणाला. आणि डोळे पाणावलेले कुणाला दिसू नयेत म्हणून शेजारच्या माणसाकडे वळून त्याने धनीधारच्या बुरुजांवर व्याख्यान सुरू केले. ते भाकऱ्या संपून खारट चहा येईपर्यंत चालले. मीनल फजलपाशी बसून गप्पा मारत राहिली.

सेवेकऱ्याने दिलेल्या रबरी सपाता घालून मधू जर्मनीत परतला. विमानतळावर तपासणीच्या बाईने पिशवीतून एकटा बूट काढून विचारले, "दुसरा कुठे आहे?" मधूने आयुष्यातले सर्वांत लहान उत्तर दिले: "हिमालयात."

सोमवारी तो फ्राऊ होइबेक यांच्यासमोर उभा राहिला. घरून निघताना त्याने तीन बहाणे तयार केले होते: दरड, नदी आणि माकड. पण बाईंनी चष्म्यावरून पाहिले आणि माकड, नदी, दरड या क्रमाने सारे पळून गेले. त्याने खरे तेच सांगितले. पायरी, मन्नत, फजल, सारे!

बाईंनी डावा बूट उचलून त्याचा सोल उलटसुलट पाहिला.

"आल्झो, असं तर. म्हणजे उजवा बूट रोज डोंगरात चालतोय. सगळा भार एकट्या त्याच सोलवर. अशी चाचणी आम्हांला इथे करताच आली नसती." त्या पुढे झुकल्या. "हेर केतकर, तो कसा वाटला त्यांना? चावतो? ओल्या खडकावर घसरतो? काय म्हणाले ते?"

मधू एकदम डाव्या बुटाची नाडी बांधू लागला.

"तुम्ही विचारलंच नाही?"

किल्ल्याच्या दगडांची जात त्याला सांगता आली असती. बुरुजांची घडण सांगता आली असती. पण हे!

"दोन दिवस देते," बाई म्हणाल्या. "उत्तर आणा. मग नोकरीचं बघू."

मधू घरी आला तो थेट सोफ्यावर कोसळला. "संपलं! त्या माणसाचा फोन नंबरही नाही माझ्याकडे. एका प्रश्नासाठी मला परत राजौरीला जावं लागणार! नोकरी जाणार, घर जाणार..."

"प्रश्न काय आहे?" मीनलने भाजी परतता परतता विचारले.

"बूट चावतो का? घसरतो का?"

"टाचेला छान बसतो. अंगठ्यापाशी किंचित घट्ट आहे. ओल्या दगडावर मात्र पक्का धरून राहतो, म्हणाला. लंगराच्या नळाशी त्यानं कुबडीशिवाय उभं राहून दाखवलं मला."

मधू ताडकन उठला. "तू विचारलंस? मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगत होते की," मीनलने गॅस बारीक केला. "पण तुमचा तिसरा बुरूज चालू होता."