सहावी 'अ'मधला सोपान

आमच्या शाळेत इंग्रजीच्या प्रत्येक शिक्षकाला वाक्यात वापरण्यासाठी एक माणूस मिळतो, आणि मला सोपान मिळाला होता. शिक्षकाने फळ्यावर वाक्य लिहायचं, वर्गाने ते एका सुरात तीनदा म्हणायचं, की तो माणूस तसं करतो. माझ्या नेमणुकीच्या पत्रात खडू, डस्टर आणि सोपान असे तिन्ही एकाच ओळीत होते.

सतरा वर्षं मी सहावी 'अ'ला शिकवलं. कर्ता, क्रियापद, मग कर्म. 'सोपान गोज टु द मार्केट' हे माझं जूनमधलं पहिलं वाक्य. मुलं म्हणायची, सोपान कोपऱ्यातली पिशवी उचलायचा आणि बाजारात जायचा. जुलैत तो केळं खायचा. ऑगस्टमध्ये झाडाखाली बसायचा. मी त्याला कधी धोक्याचं वाक्य दिलं नाही. पलीकडच्या गावातल्या एका मास्तरांनी आपल्या माणसाला वाघ दाखवला होता, त्याची चौकशी अजून चालू आहे. माझ्याकडे सोपानला कधी ठेचसुद्धा लागली नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

यंदा सहावी 'ब'ला वाघचौरे मॅडम आल्या. वय सव्वीस, पहिलीच नोकरी. त्यांचा माणूस मंजूर झाला नव्हता, म्हणून मुख्याध्यापक शेटे सरांनी ठरवलं की दुसऱ्या तासाला सोपान त्यांच्याकडे जाईल. मी हरकत घेतली नाही. नव्याचे नऊ दिवस, असं मनाशी म्हटलं.

पहिल्याच दिवशी मॅडमनी लिहिलं, 'सोपान हॅज अ सिस्टर.' मधल्या सुट्टीत त्याची बहीण डबा घेऊन आली. डब्यात मेथीची भाजी होती. सोपान व्हरांड्यात बसून जेवला आणि बहिणीशी हसून बोलला. सतरा वर्षांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. तसं वाक्य अभ्यासक्रमात नाही.

पुढच्या आठवड्यात तो समुद्र बघून आला. तिसऱ्या तासाला माझ्या वर्गात उभा राहिला तेव्हा त्याच्या चपलांतून वाळू सांडत होती. मी बाजाराचं वाक्य घेतलं. तो गेला, पण जाताना शीळ घालत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सतरा वर्षं वळण लावलेला माणूस, आणि ह्या आयत्या बिळावर नागोबा.

दिवाळीच्या आधी सोपानने कायम बदलीचा अर्ज केला. शेटे सरांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"कारण काय लिहू?" सरांनी विचारलं.

"सर, सतरा वर्षं बाजारात जातोय," सोपान म्हणाला. "पिशवी असते, पण घ्यायचं काय ते वाक्यात नसतं. तसाच उभा राहतो आणि परत येतो. भाजीवाल्या बायका आता विचारतसुद्धा नाहीत."

"मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?" मी म्हणालो.

"सोपान मनातलं बोलतो, हे वाक्य सोमवारी झालं. मॅडमनी लिहिलं."

शेटे सरांनी अर्जावर 'मनातलं' असं कारण नोंदवलं आणि निर्णयाला दोन दिवस घेतले.

त्या दोन दिवसांत मी जे केलं ते सांगतो. मला मत्सर वाटत होता. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. मी वर्गाचं दार लावलं आणि फळ्यावर लिहिलं, 'सोपान डझ नॉट लाइक वाघचौरे मॅडम.' सोपान फळ्याशेजारी हाताची घडी घालून उभा होता. मी मुलांकडे वळलो आणि म्हणालो, "म्हणा."

कोणी म्हणेना. एकेचाळीस मुलं फळ्याकडे बघत बसली. शेवटी मागच्या बाकावरची तन्वी गुंजाळ उठली.

"सर, नाहीची वाक्यं दिवाळीनंतर आहेत."

मी नियोजन काढून पाहिलं. खरंच दिवाळीनंतर होती. मी फळा पुसला. सोपान काही बोलला नाही, आणि तेव्हा त्याच्या मनात काही नव्हतंच की काय, हे मला अजून कळलेलं नाही.

बदली मंजूर झाली. नवा माणूस येईपर्यंत मी 'धिस इज अ टेबल' घेतो. टेबल आहेच. त्यात शिक्षकाने काही केलं असं होत नाही. सहावी 'अ' आणि 'ब'मध्ये फक्त पत्र्याची भिंत आहे, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येतं. सोपान पोहायला शिकला. सोपानने बाजारातून पेरू आणले. सोपानच्या बहिणीला मुलगी झाली. मी माझ्या वर्गाला मोठ्याने म्हणायला लावतो, पण टेबलाच्या वाक्याला जोर येत नाही.

परवा गुरुवारी पलीकडून वाक्य आलं, "सोपान रिमेम्बर्स ढोबळे सर." ढोबळे म्हणजे मी. मॅडम म्हणाल्या, "अर्थ?" मुलं म्हणाली, "सोपानला ढोबळे सरांची आठवण येते."

माझा खडू हातातच राहिला. डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करतो. मग लक्षात आलं की वाक्य तिचं, मॅडमचं आहे. तिला माझी कीव आली असणार, म्हणून तिने मला एक आठवण मंजूर केली होती. आता तो माझी आठवण काढणार तीसुद्धा तिच्या अक्षरात. सतरा वर्षं मी त्याला जपलं, आणि तेवढी एक गोष्टही मला तिच्या हातून घ्यायची होती.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या. मुलांनी दुसऱ्यांदा म्हटलं. आता एकदाच उरलं होतं.

मी वर्गातून पळत निघालो. शिपाई ऑफिसात होता. व्हरांड्यात टांगलेल्या लोखंडी पट्टीवर मी स्वतः हातोडीने सुट्टीचा टोला घातला, वेळेच्या बारा मिनिटं आधी. सगळी शाळा ओरडत मैदानात आली. शेटे सरांनी खिडकीतून पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि खिडकी लावली.

सगळ्यात शेवटी सोपान बाहेर आला. त्याने नवा शर्ट घातला होता. तो माझ्याजवळ येऊन थांबला आणि माझ्या हातातल्या हातोडीकडे पाहू लागला.

"सोपान," मी म्हणालो, "तुला माझी आठवण येते का रे?"

त्याने बराच वेळ विचार केला. मनातलं बोलायचं असल्यामुळे त्याला तो करावाच लागतो.

"माहीत नाही सर," तो म्हणाला. "दोनदाच म्हणून झालंय."