नत्थूजींची टॉर्च

नत्थूजींच्या तोंडात औषधालाही एक दात शिल्लक नाही. तरी पवनीतल्या आमच्या गल्लीत दातांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचाच चालतो, आणि दीड वर्ष माझ्या मुलीच्या तोंडावर तर त्यांचंच राज्य होतं.

ते आमच्या समोर राहतात. पंच्याहत्तरी ओलांडली आहे, सगळा जन्म कोसा रेशमाच्या साड्या विणण्यात गेला. दात कुठे गेले असं कुणी विचारलं तर सांगतात, "अर्धे धाग्यानं नेले, अर्धे खर्र्यानं." धागा तोडायला कात्री शोधत बसणं त्यांना कधी मानवलं नाही, ते दातानंच तोडायचे आणि मधल्या वेळात तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळायचे. बायको जाऊन सात वर्षं झाली. मुलगा सुरतेला यंत्रमागावर आहे, त्याचा फोन रविवारी येतो. उरलेले सहा दिवस नत्थूजी गल्ली सुधारण्यात घालवतात.

"उलटून पाह्य" हा त्यांचा मंत्र. गिऱ्हाईक साडीच्या सुलट बाजूवर भाळलं की ते स्वतःच ती हिसकून घेत आणि उलटी करून समोर धरत. विणकराची लबाडी मागच्या बाजूला सापडते, असं त्यांचं म्हणणं. पुढे ही सवय वांग्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत पसरली. मी पंचायत समितीत लिपिक आहे. एकदा त्यांना मी एक दाखला आणून दिला, तोही त्यांनी उलटला. मागे काहीच नव्हतं. "कोरंच हाय जी," म्हणत त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मलाच चोरी केल्यासारखं वाटलं.

माझी श्रावणी आठवीत गेली तेव्हा भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या दातांना तारा बसवल्या. त्या दिवसापासून पोरीनं जे तोंड मिटलं ते मिटलंच. वर्गात पोरं तिला काटेरी कुंपण म्हणत. हसणं बंद झालं आणि दात घासणंही नावापुरतं उरलं. ब्रश तारेत अडकतो, हिरडी दुखते, म्हणून दोन हात मारून ती मोकळी व्हायची. मी रागावले, तिच्या बाबांनी लाडीगोडी लावून पाहिली, पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी आरसा धरून सुजलेल्या हिरड्या आणि दातांवर उमटू लागलेले पांढरे डाग दाखवले. पुढच्या महिन्यात तोंड असंच दिसलं तर तारा काढून टाकेन, किडलेले दात सरळ करून काय करायचं, असं त्यांनी रोखठोक सांगितलं. दात मग अर्धे वाकडे राहिले असते आणि केलेलं सगळं वाया.

बसमधून उतरून घरी येईपर्यंत ती रडत होती. नत्थूजी ओट्यावर बसले होते. त्यांनी काय झालं विचारलं आणि मी भर गल्लीत सगळं सांगून टाकलं, ही माझी चूकच. ते आत गेले आणि चष्मा आणि टॉर्च घेऊन आले.

"तोंड उघड वो माय."

आणि आईबापासमोर न उघडणारं तोंड पोरीनं उघडलं. मी नंतर कारण विचारलं तर म्हणाली, आबाच्या तोंडात तं काहीच नाही, त्याईच्यासमोर कायची लाज?

नत्थूजींनी बराच वेळ टॉर्च फिरवली. मग म्हणाले, "ही तं फणी हाय." मागावरची फणी म्हणजे उभे धागे ज्यातून जातात तो बारीक दात्यांचा कंगवा. त्यात धाग्याचं बारीक तूस अडकलं की धागा तुटतो. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी फणी झाडायची, हे त्यांनी पन्नास वर्षं केलं होतं. दात कसे घासायचे याचा डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद त्यांनी माझ्याकडून वाचून घेतला. तारेच्या वरून ब्रश तिरपा धरून खाली, तारेच्या खालून तिरपा धरून वर, दोन दातांच्या मध्ये बारीक ब्रश, तारेखालून दोरा, खाल्ल्यावर प्रत्येक वेळी चूळ. ऐकून ते म्हणाले की या बाई शिकलेल्या असल्या तरी समजदार आहेत. कागदात मागच्या बाजूवर मात्र जोर कमी दिला आहे, असा शेराही मारला.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी साडेसातला टॉर्च आमच्या दारात हजर. तपासणी जेवणानंतरच व्हायला हवी, म्हणून आमचं घर सातला जेवू लागलं. नवऱ्याला कधी उशीर झाला तर तो ताट घेऊन स्वयंपाकघरात लपून बसायचा. एखादं भाताचं शीत तारेत दिसलं की नत्थूजी टॉर्च विझवत. ओरडणं वगैरे नाही. "उलटून पाह्य," एवढंच म्हणत, आणि पोरगी मुकाट्यानं परत मोरीकडे. शेजारच्या लग्नात तर त्यांनी भर पंगतीत सदऱ्याच्या खिशातून तिचा ब्रश काढला. ती चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही, पण तपासणीला तोंड मात्र उघडत होती.

घोटाळा झाला तो फुटाण्यांनी. नत्थूजी फुटाणे खलबत्त्यात कुटून खातात. श्रावणीनं त्यांच्या डब्यातले न कुटलेले मूठभर तोंडात टाकले आणि दातावरचा एक धातूचा तुकडा निखळून तारेवर घसरू लागला. डॉक्टरीणबाईंकडे जायची ती ठरलेली तारीख नेमकी दुसऱ्याच दिवशी होती. नत्थूजींचा चेहरा पडला. डबा आपला, म्हणजे गुन्हाही आपला, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि मी चहा ठेवून येईपर्यंत कोशाच्या धाग्यानं तो तुकडा शेजारच्या तुकड्याला बांधूनही टाकला. विणकराची गाठ. मागावर तुटलेला धागा जसा सांधतात तशी.

भंडाऱ्यात डॉक्टरीणबाई दहा मिनिटं त्या गाठीशी झटत होत्या. ती सुटेना, ओली होऊन आणखी आवळली होती. शेवटी कापावी लागली. ज्यांनी ही बांधली त्यांनी पुन्हा तोंडात हात घालू नये, असं त्यांनी बजावलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी दिवा जवळ ओढला, आरसा फिरवून पुढून पाहिलं, मागून पाहिलं. सूज उतरली होती, डाग वाढले नव्हते. तारा राहू दे, म्हणाल्या. श्रावणी त्या खुर्चीत पहिल्यांदा हसली.

निरोप ऐकून नत्थूजींनी आपला गुन्हा कबूल केला आणि त्या दिवसापासून तिचेही फुटाणे कुटायला घेतले. एकदा मी त्यांना म्हटलं, नत्थूजी, तुम्हीही कवळी करून घ्या, भंडाऱ्याला सोबत चला. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरला. हसताना ते नेहमी धरतात. म्हणाले, "कायले वो बाई? घरी हासाले कोन हाय?"

श्रावणी तिथेच चूळ भरत होती.

दीड वर्षानं तारा निघाल्या. श्रावणी गल्लीभर दात दाखवत फिरली. नत्थूजींनी टॉर्च लावून पुढून-मागून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. जाताना मात्र म्हणाले, "साडी उतरली का माग सुना वाटते." दुसऱ्या दिवशी आम्ही सवयीनं सातला जेवलो आणि साडेसातला तिघंही दाराकडे बघत बसलो. ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मला उगाच अपराध्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी श्रावणी उठली, डबीत ठेवलेली आपली नवी पट्टी घेतली आणि समोर गेली. तारा काढल्यावर दात परत सरकू नयेत म्हणून ही काढ-घाल करायची पट्टी देतात. मी मागोमाग गेले. नत्थूजी ओट्यावर बसले होते आणि टॉर्चमधले सेल काढून कोनाड्यात ठेवले होते.

"आबा, हे रोज तपासा लागते," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी रोज थंड पाण्यात मऊ ब्रशनं धुवा एवढंच सांगितलं होतं. नत्थूजींनी पट्टी हातात घेऊन उलटी केली, आणि त्यांचे हात सेल शोधू लागले.

"आन तुमी दात बसवा," पोरगी म्हणाली. "तुमचे मी पाह्यतो."

"कायले?"

"मले दाखवाले."

दुपट्टा तोंडावर गेला, पण या वेळी ते हसत नव्हते. डोळे पुसत होते.

आता साडेसातला त्यांच्या ओट्यावर पाण्याच्या दोन वाट्या असतात. एकीत श्रावणीची पट्टी, दुसरीत नत्थूजींची कवळी. काल तिनं कवळी टॉर्चखाली धरली, पुढून पाहिली, मग उलटी केली. मागे वरणातली जिऱ्याची काडी अडकली होती. तिनं टॉर्च विझवली.

"आबा, उलटून पाह्य."

"धुतली ना वो माय," नत्थूजी पुटपुटले, आणि वाटी घेऊन मोरीकडे गेले.