मतदानाची संत्री

नोव्हेंबरात मतदान असलं की पिस्कॅटवेतल्या आमच्या शाळेच्या जिमबाहेर पांढरीपांडेकाका संत्र्यांची पिशवी घेऊन उभे राहायचे. मत देऊन बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक संत्रं. काकांना स्वतःला मत नव्हतं, ग्रीन कार्डवाल्याला ते कुठून असणार? पहिल्या वर्षी केंद्रावरच्या बाई धावत आल्या.

"सर, तुम्ही कुठल्या पार्टीचे?"

"नागपूरचे," काका म्हणाले.

बाई गोंधळल्या. शेवटी त्यांनी काकांना लांब पार्किंगपाशी नेऊन उभं केलं आणि जाताना स्वतःही एक संत्रं घेऊन गेल्या.

काका आमचे शेजारी. मूळचे नागपूरचे, पण उमेदीची वीस-बावीस वर्षं मॉस्कोत गेली. तिथल्या एका प्रकाशनात ते रशियन पुस्तकांचं मराठी करायचे. अस्वलाच्या गोष्टी, ट्रॅक्टरची दुरुस्ती, जे समोर येईल ते. तिथेच त्यांनी शाळेत शिकवणाऱ्या लीदाशी लग्न केलं. मुलगी नीना इथल्या विद्यापीठात लागली, तेव्हा दोघं तिच्याकडे राहायला आली. लीदाकाकू मराठी बोलायच्या ते काकांकडून शिकलेलं, म्हणजे अस्सल नागपुरी. सोनेरी केसांची ती उंच बाई भारतीय दुकानात "मेथी इतकी महाग काहून?" असं विचारायची, तेव्हा दुकानदाराच्या हातातलं माप तसंच राहायचं.

घरात काकूंनी काहीही ठरवलं की काका हात वर करून म्हणायचे, "एकमताने मंजूर!" बीटाची भाजी, एकमताने मंजूर. जुना कोट टाकून देणं, एकमताने मंजूर. इथल्या मराठी मंडळाच्या सभेत अध्यक्ष बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर झालं, तेव्हा मागच्या रांगेतून काकांचा आवाज आला, "अरे बाप्पा, मग संत्री कुठायत?"

त्यामागची कथा ते कुणालाही सांगत. मॉस्कोत निवडणुकीचा दिवस म्हणजे सण. लाउडस्पीकरवर गाणी, दाराशी झेंडे आणि आत बुफे. एरवी दुकानात डोळ्यांना न दिसणारी संत्री त्या दिवशी मतदान केंद्रावर मिळायची. पक्ष एकच, मतपत्रिकेवर नावही एकच. ती घ्यायची, घडी करायची, पेटीत टाकायची. झालं मतदान. "मी परदेशी, मला मत नव्हतं," काका सांगायचे. "पण दर निवडणुकीला लीदाबरोबर जायचो. नागपूरच्या माणसाला मॉस्कोत संत्रं दिसलं तर तो काय घरी बसेल?"

आम्ही हसायचो. मीही बरीच वर्षं हसले.

मग १९८९चा मार्च आला. काकांनी वर्तमानपत्र घेऊनच आमचं दार वाजवलं, मागोमाग काकू आणि नीना. "सुनंदा, मॉस्कोत या वेळी एकेका जागेला दोन-दोन, तीन-तीन नावं आहेत! पक्ष तोच, पण नावं वेगळी. लीदाचा पासपोर्ट अजून तिकडचा आहे. वॉशिंग्टनला त्यांच्या वकिलातीत तिला मत देता येतं. मी फोन करून विचारलं."

"पापा, इट्स फोर अवर्स वन वे!" नीना म्हणाली. मतदानाच्या रविवारी तिला लॅबमध्ये जायचं होतं.

"मले नाही जायचं," काकू म्हणाल्या. "इतक्या दूर काहून?"

त्या दिवशी पहिल्यांदाच काका 'एकमताने मंजूर' म्हणाले नाहीत. "जायचं," एवढंच म्हणाले. काकांना हायवेवर ड्राइव्ह करायची भीती वाटायची, म्हणून माझी गाडी काढली.

वाटेत पेट्रोल भरायला थांबलो. काका कॉफी आणायला गेले, तशा मागच्या सीटवरून काकू हळूच बोलू लागल्या.

"तिथं कोपऱ्यात पडदा असायचा. पडद्यामागं पेन. नाव नको असेल तर ते खोडायला तिथं जायचं. पण कोणी जायचं नाही. जो जाईल तो सगळ्यांना दिसायचा."

त्यांच्या शाळेतल्या गाणं शिकवणाऱ्या मैत्रिणीची नोकरी गेली होती. वर्गात काहीतरी बोलली म्हणून. ज्या माणसाने तिला काढल्याच्या कागदावर सही केली, त्याचंच नाव त्या वर्षी मतपत्रिकेवर आलं. काकूंनी ठरवलं, पडद्यामागे जायचंच.

"चार पावलं गेली, अन् थांबली. सगळे पाहून राहिले होते. तर हा तुमचा काका मोठ्यानं ओरडला, 'लीदा, चल लवकर, संत्री संपतील!' लोक हसले. मी कागद पेटीत टाकला. त्याच्या पुढच्या वेळी बी तसंच. दर वेळी मी ठरवून जायची. दर वेळी हा सोबत यायचा."

"आणि तुम्हाला घरी काही म्हणायचे नाहीत?"

"कधीच नाही. घरी आलो की संत्रं सोलून द्यायचा."

काका कॉफीचे तीन कप सांभाळत आले आणि झाकण नीट न लावणाऱ्या कंपनीवर बराच वेळ बोलत राहिले. मला हसू आलं नाही.

वकिलातीच्या दाराशी शिपायाने काकूंचा पासपोर्ट पाहिला आणि काकांना हाताने थांबवलं. फक्त नागरिक. काकू वळून बघत राहिल्या. काका म्हणाले, "जा. मी इथेच आहे." त्या एकट्या आत गेल्या.

समोरच्या फुटपाथवर गार वारा होता. काका दर दोन मिनिटांनी मला वेळ विचारायचे, हातात स्वतःचं घड्याळ असताना. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. "मी उगाच आणली तिला," ते म्हणाले. "तिला त्रास होत असेल."

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. डोक्यावरचा रुमाल मागे सरकलेला, गाल लाल.

"इतका वेळ? पडद्यामागे गेलीस का?"

"लाईन होती," काकू म्हणाल्या. "पडद्यापाशी लाईन होती! सगळेच जात होते. माझ्यापुढं एक म्हातारी, ती तर चष्मा विसरली. तिले मी माझा दिला."

"अन् खोडलं?"

"खोडलं. पहिलं नाव हळू खोडलं, दुसरं झटक्यात."

"कोणाला ठेवलं?"

काकूंनी कोटाची बटणं लावली, सगळी, वरपासून खालपर्यंत. "काहून सांगू? गुप्त हाये."

काका माझ्याकडे वळले. डोळे भरले होते आणि तोंडभर हसू. "ऐकलंस सुनंदा? मला सांगत नाही! माझी बायको मला सांगत नाही!"

परतीच्या वाटेवर डेलावेअरचा पूल येईपर्यंत त्यांनी सात वेळा विचारलं. सातही वेळा काकू खिडकीबाहेर बघत "नाही सांगत" म्हणाल्या आणि दर वेळी काका आधीपेक्षा जास्त खूश झाले.