सायकलच्या रिंगेतला माळ

गुरुपाद मास्तर दर रविवारी हातकणंगल्याला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये चढायचे ते गळ्यात सायकलची रिंग अडकवून. तारा काढलेली, गंजलेली, नुसती गोल रिंग. "पावणं, सायकल कुठं हाय?" असं कुणी विचारलं की मास्तर गंभीरपणे म्हणायचे, "सायकल कशाला? माणसानं जरा बसावं." विचारणारा हळूच लांब सरकायचा.

मंगळवार पेठेतल्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी विज्ञान. ही रिंग त्यांच्या गळ्यात पडली ती माझ्यामुळे, हे आधीच कबूल करते. नव्वदनंतरची गोष्ट असेल. स्टाफरूममध्ये मी सांगत होते, की सगळ्या माळावरचं गवत काही मोजता येत नाही. म्हणून माळाकडे पाठ करायची, डोळे मिटायचे, एक कडं मागे फेकायचं आणि त्यात सापडेल तेवढंच मोजायचं. जागा आपण निवडली की ते शास्त्र उरत नाही. मास्तरांची बशी तोंडाशी तशीच राहिली. चहा निवून गेला. "शास्त्रवाल्या बाई," ते म्हणाले, "तुम्ही मोजा, आम्ही काढतो. आन् माणसं गोळा करू की!"

आणि त्यांनी खरोखर माणसं गोळा केली. शिंपी, बँकेतला कॅशियर, एक पैलवान, कबनूरचा एक यंत्रमागवाला. माळ मास्तरांच्या गावाकडचा, तिथं पोचलं की मास्तर पाठ करून रिंग फेकायचे आणि सगळ्यांना तिच्याभोवती बसवायचे. "आधी बसा, मग बघा." अर्धा तास कुणी बोलायचं नाही, रिंगेत जे दिसेल ते कागदावर काढायचं. कुसळं टोचायची. पैलवानाने पहिल्या दिवशी तीन पेन्सिली मोडल्या. मागवाला जन्मभर मागांच्या खडखडाटात ओरडून बोललेला, त्याला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. पण अर्ध्या तासाने तोच म्हणाला, "मास्तर, ह्यात बी उभा-आडवा धागाच हाय की!" पुढे तो बायकोलाही घेऊन यायला लागला.

मी गवताच्या मोजणीची वही ठेवायची. मारवेल किती, पवन्या किती, कुसळी किती. शेवटचा रकाना मास्तरांनी हट्टाने घालून घेतला होता : बसलेली माणसं. तो रकाना ते स्वतः भरायचे आणि दर वेळी चुकायचे. आम्ही नऊ असलो तर लिहायचे दहा. चौदा असलो तर पंधरा. मी चारचौघांत त्यांना हसायची, "चित्रकलेचा माणूस, गणित कच्चं!" आणि आकडा खोडून बरोबर करायची. मास्तर मान हलवायचे. पुढच्या रविवारी पुन्हा एक जास्त.

अशी बारा वर्षं गेली. मग एका रविवारी माळावर चुना मारलेले दगड दिसले. प्लॉट पडणार होते. मास्तर एवढे घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते. "बाई, तुमची वही जोडून अर्ज करा. माळ ऱ्हायलाच पायजे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

अर्जाला जोडायला म्हणून मी घरी फरशीवर सगळी चित्रं मांडली. शिंप्याची नाजूक, पैलवानाची दाबून काळी केलेली. आणि माझं डोकंच फिरलं. जवळजवळ प्रत्येक चित्रात कडेला एक दुभंगलेला काळा दगड होता. तोच. बारा वर्षं आम्ही एकच जागा मोजत होतो, आणि वहीत मान घातलेल्या मला तो दगड कधी दिसलाच नव्हता. मी तशीच उठले आणि मास्तरांच्या खोलीवर गेले.

"मास्तर, तुम्ही मला फसवलंत. डोळे उघडे ठेवून फेकत होता."

"न्हाय बाई. डोळं मिटलेलंच असायचं. हाताला जागा ठावं हाय, त्याला मी काय करू?"

मग ते खाली बघत बोलले. "आमची पोरगी हाय तिथं. सहा वर्साची. सुट्टीत गावाकडं गेलतो, तापानं गेली. आमच्यात जाळत न्हाईत, बसवून पुरतात. तवापास्नं एकटीच बसलीया."

मी विचारलं, आधी का सांगितलं नाही?

"पोरीची समाधी म्हणलं असतं तर माणसं एकदा आली असती, हात जोडून गेली असती. गवत म्हणलं, म्हणून बसली."

"अर्जात लिहू?"

"नगं. हाडं उचला म्हणतील. बसू दे तिला."

म्हणजे वहीतला तो जास्तीचा एक कोण, हे मला तेव्हा कळलं. बारा वर्षं मी त्या पोरीला खोडत होते, आणि वर हसत होते. याची लाज मला अजून वाटते.

शास्त्र म्हणून ती वही कुचकामी होती. तरी मी ती जोडली, खाली सही केली. कचेरीतल्या साहेबांनी ती उघडलीसुद्धा नाही. "गवतच हाय की बाई. कुठं बी उगवंल."

सहा-सात महिन्यांनी मास्तर म्हणाले, जाऊया. दोघंच गेलो. माळाच्या जागी सपाट मैदान होतं, आखलेले रस्ते होते, लाल मुरूम होता. काळा दगड कुठेतरी ढकलून दिलेला. मास्तरांनी रिंग गळ्यातून काढली, पाठ केली आणि तसेच उभे राहिले. हाताला जागा सापडत नव्हती. फार वेळाने त्यांनी रिंग माझ्या हातात दिली.

दूरच्या विहिरीवरून आणि रेल्वेच्या खांबांवरून मी अंदाज घेतला. पाठ केली नाही, डोळे मिटले नाहीत. चांगलं निरखून, नेम धरून फेकली.

आम्ही बसलो. अर्धा तास कुणी बोललं नाही. मास्तरांनी कागदावर मुरूम काढला, खडा न् खडा. मी वही उघडली. मारवेल शून्य. पवन्या शून्य. कुसळी शून्य. शेवटचा रकाना आला तेव्हा मी वही त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली.

मी लिहिलं, तीन.