दोन धारांचा मोबाईल

धरणेंद्र पाटलांनी आयुष्यात एकही म्हैस दोन वेळा धार काढून बघितल्याशिवाय दावणीला बांधली नव्हती. एक धार सकाळची, एक संध्याकाळची. दूध भरलं, लाथ मारली नाही, तर व्यवहार. नाहीतर ज्याची म्हैस त्याच्या दारात. शनिवारी सांगलीत भाच्याच्या दुकानात त्यांनी हाच नियम मोबाईलला लावला, तेव्हा त्यात वावगं काही आहे असं त्यांना अजिबात वाटलं नाही.

वाटलं ते अरिहंतला. हा मोबाईल त्याच आठवड्यात बाजारात आला होता. फार महागातला नाही, अगदी स्वस्तातलाही नाही, मधला. त्यानं मामांना कॅमेरा सांगितला, बॅटरी सांगितली, स्क्रीनवर बोट फिरवून दाखवलं. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू इकणारा. इकणारा म्हशीचं बी चांगलंच सांगतोय. दोन धारा काढू दे, मग बोलू."

मामांना नाही म्हणायची सोय नव्हती. गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेला नग अरिहंतनं मामीचं सिमकार्ड घालून, सगळं चालू करून दिला. रविवारी संध्याकाळी मी स्वतः येतो, पसंत असला तर डब्यातला नवा देतो, नसला तर हा घेऊन जातो, असं ठरलं.

मोबाईल हवा होता मामीला, म्हणजे धरणेंद्रांच्या बायकोला, गुणमालाला. तीन वर्षांपूर्वी तिनं जुन्या मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत ब्लाऊजवरचं आरी वर्कचं भरतकाम शिकून घेतलं. शिकवणारी बाई कुठली, भाषा कुठली, काही कळत नव्हतं; सुई कशी जाते तेवढं कळत होतं. गावातल्या बायका आता तिच्याकडंच यायच्या. पण गाव म्हणजे घरच. परवा सांगलीच्या एका बुटिकच्या सोनिया मॅडमनी, कुणाच्या तरी ओळखीनं, निरोप दिला होता की एका लग्नातली आठ ब्लाऊज करायची आहेत, रविवारी सहाच्या आत कामाचा फोटो पाठवा, त्यानंतर नवरीकडची मंडळी निवड करणार. जुन्या मोबाईलची काच तडकलेली आणि त्यात डाळिंबी रंग कॉफीसारखा यायचा. बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच कुणी परकं माणूस तिच्या हातांकडं बघणार होतं, आणि ते कॉफीतून बघू नये एवढंच तिचं म्हणणं होतं.

मोबाईल घरात आला आणि आधी तिच्या सासूबाईंपुढं गेला. गुणमाला त्यांना आत्ती म्हणायची, धरणेंद्र अव्वा. नवी वस्तू हळदीकुंकवाशिवाय आत घ्यायची नाही हा त्यांचा कायदा.

"अव्वा, आजून घेतल्याला न्हाई. बघायला आणलाय."

"म्हस बघायला आणतोस तवा तिला लावत न्हाई व्हय?"

धरणेंद्रांनी मोबाईल पुढं केला. आत्तींनी मोबाईल उलटा केला. पाठीवर गोल गोल चार काचा. डोळेच ते, असं ठरवून त्यांनी ओल्या हळदीचं एकेक बोट चारी डोळ्यांना लावलं आणि वर कुंकू टेकवलं. खिशाला डाग नको म्हणून धरणेंद्रांनी खांद्यावरच्या टॉवेलनं मोबाईल पुसला. कुंकू गेलं. हळद मात्र चारी काचांवर पातळ सारवल्यासारखी बसली आणि वाळून गेली. ती दिसत नव्हती, म्हणून ती आहे असं कुणाला वाटलं नाही.

रविवारी सकाळी पहिली धार. साक्षीला शेजारचे धनाजी होते, फौजेतून हवालदार होऊन आलेले. धरणेंद्रांनी कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान उलटं करून मधोमध रेघ मारली. इकडं गुण, तिकडं दोष.

गोठ्यात दोन तास भजनं लावून ठेवली तरी बॅटरी जरासुद्धा दमली नाही, गुण. त्या भजनांवर म्हशीनं तांब्याभर दूध जास्त दिलं, तोही गुण. धनाजींचं म्हणणं पडलं की हा गुण भजनाचा आहे. मग चारा टाकायला वाकल्यावर मोबाईल खिशातून सटकला आणि गवतात पडला. गुळगुळीत आहे, दोष. धनाजी म्हणाले की तो दोष खिशाचा. धारा काढून काढून गुळगुळीत झालेला धरणेंद्रांचा अंगठा मोबाईलला काही ओळखता येईना. मालकाला ओळखत नाही, हा त्यांनी मोठा दोष धरला.

"आठ दिस ऱ्हाऊ दे की गड्या," धनाजी म्हणाले. "नवी म्हस तरी कुठं लगीच वळखती?"

मग कॅमेरा. धनाजींचा फोटो काढला तर त्यांच्या तोंडावर पिवळं धुकं पसरलेलं आणि सुरकुती म्हणून एक नाही. हळद लागलेला नवरदेव हुबेहूब. धरणेंद्रांनी लिहिलं: माणसाला कावीळ होते. धनाजींनी तो शब्द खोडायला लावला. पन्नाशीनंतर आपला एवढा चांगला फोटो कुणी काढला नाही, हा गुणच आहे, असं म्हणत त्यांनी फोटो घरी ठेवलेल्या आपल्या मोबाईलवर पाठवून घेतला. त्यांच्या बायकोचा भिंतीपलीकडून आवाज आला, कुणाचं लगीन हाय?

दुपारी मोबाईल एकदाचा गुणमालाच्या हातात आला. तिनं पोपटी ब्लाऊज अंगणात खाटेवर पसरलं, पाठीवरचा मोर नीट वर येईल असा. फोटो निघाला तो सोन्याच्या पाण्यातून काढल्यासारखा. पोपटी रंग कुठल्या कुठं, टाके एकमेकांत विरघळलेले, मोर देवळातल्या घुमटावरचा वाटावा असा. तिला जरा शंका आली. पण नव्या मोबाईलला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार, असं म्हणून तिनं तो पाठवून दिला.

तीनला सोनिया मॅडमचा फोन आला. आवाज गोड होता. "ताई, फोटो इंटरनेटवरचा आहे ना? असे रोज दहा येतात मला. हाताचं काम इतकं गुळगुळीत नसतं हो."

गुणमालानं बरंच काही सांगायचं ठरवलं, पण तिच्या तोंडून "माझंच हाय," एवढंच निघालं. मॅडम म्हणाल्या, असेल तर सहाच्या आत साधा, उजेडातला फोटो पाठवा. तिनं परसात काढला, गच्चीवर काढला, गोठ्याच्या दारात काढला. मोर जागा बदलत गेला, सोनं काही हटेना. शेवटी ती ब्लाऊज मांडीवर घेऊन खाटेवर बसली. चोरीचा आळ आणि तोही स्वतःच्याच कामाचा.

धरणेंद्रांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि कॅलेंडरवर दोषांच्या खाली जाड रेघ ओढली. दुसरी धार काढायचीही गरज नाही म्हणाले.

पाचला अरिहंत आला. मामांनी पान पुढं केलं. त्यानं वाचलं, मोबाईल उलटा केला, काचेवर नख ओढलं आणि नख नाकाशी नेलं.

"मामा, ही हळद हाय."

"असंल. अव्वानं लावल्याली," धरणेंद्र म्हणाले. "मग?"

आत्तींना बोलावणं गेलं. त्यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही. डोळ्याला हळद लावली तर डोळा निवतो, बिघडत नाही, आणि ज्याचा बिघडतो तो डोळाच कसला, असं म्हणून त्या दिवस मावळायच्या आधी जेवायचं म्हणून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

अरिहंतनं चष्म्याच्या फडक्यानं चारी काचा लख्ख केल्या. ऊन उतरायला लागलं होतं. गुणमालानं पुन्हा ब्लाऊज पसरलं, फोटो काढला, आणि अरिहंतनं दोन बोटांनी तो मोठा करून दाखवला. पोपटी रंग पोपटीच. जरीचा पीळ दिसत होता, मणी सुटे मोजता येत होते. गुणमालाचं तोंड उजळलं आणि लगेच उतरलं. मोराची मान वाकडी होती. समोर बघणारा मोर काढायला घेतलेला, आणि हा मानेच्या मध्यावरून वळून मागं बघत होता. साध्या चष्म्यातून महिनाभर जे दिसलं नाही ते मोबाईलनं एका क्षणात दाखवलं.

तिला ती जागा आठवली. मानेचे टाके घालताना धरणेंद्रांनी गोठ्यातून हाक मारली होती, बादली कुठाय म्हणून. ती उठली, बादली दिली, आली, बसली. मान तिथूनच वळली होती.

"मगाचाच धाड परत," धरणेंद्र हळूच म्हणाले. "त्यात न्हाई दिसत काय."

उसवून पुन्हा घालायला दोन-तीन तास लागले असते. हातात होती चाळीस मिनिटं. अरिहंत म्हणाला की मान कापून बाकीचा फोटो पाठवता येतो, तेवढी सोय आहे यात. गुणमालानं ब्लाऊजवरून हात फिरवला.

"न्हाई," ती म्हणाली. "हाय तसा जाऊ दे. वाकडा असला तरी माझा हाय." आणि बटण तिनंच दाबलं.

सहा वाजले, साडेसहा झाले. दुसरी धार निघाली. सातच्या आत मोबाईल वाजला आणि अरिहंतनं तो स्पीकरवर टाकला.

सोनिया मॅडम म्हणत होत्या की आधी माफ करा, आता विश्वास बसला, मशीनचा मोर असा कधी वळत नाही. नवरीनं बघितला आणि म्हणाली, हा माहेराकडं वळून बघतोय. "आठही ब्लाऊजवर अगदी हाच मोर हवाय, ताई. मान अशीच. जमेल ना?"

"जमंल की," गुणमाला म्हणाली आणि खाली बसली.

अरिहंत नवा डबा ठेवून गेला.

सोमवारी सकाळी तिनं आठातलं पहिलं ब्लाऊज चौकटीवर ताणलं. बुधवारपर्यंत पायापासून मानेपर्यंत मोर झरझर आला आणि मान ताठ उभी राहिली. तिनं उसवलं. पुन्हा घातली, पुन्हा ताठ. तिसऱ्यांदा मुद्दाम वाकवली तर मोराची मान मोडल्यासारखी दिसायला लागली. तीन वर्षं सरळ टाके शिकलेला हात वाकडं जायला तयार नव्हता.

चौथ्यांदा मानेच्या मध्यावर आल्यावर ती थांबली आणि गोठ्याकडं तोंड करून म्हणाली, "आवं, जरा मला हाक मारा की."

तीस वर्षं दिवसातून वीस वेळा मारलेली हाक आज मागून घेतली गेली, तर गोठ्यातल्या धरणेंद्रांना एक कारण सापडेना.

"काय म्हून मारू?" त्यांनी शेवटी विचारलं.

"बादलीसाठी मारा," गुणमाला म्हणाली आणि सुई कापडात तशीच अडकवून उठायच्या तयारीत बसली.