ट्रॉलीतला समुद्र

आमचे साडभाऊ तुळशीराम माणसाची अडचण पाण्यात मोजतात. घोटाभर, गुडघाभर, कमरेभर, गळ्याभर. माझी बदली गोंदियाला झाली तेव्हा आमच्या घरी दोन दिवस धड स्वयंपाक नव्हता. हे आले, चहा बशीत ओतला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घोटाभर पाणी हाय जी. चपला हातात घ्या न निघा." सासूबाईंचं ऑपरेशन कमरेभर होतं. वादळात यांच्या स्वतःच्या घराचे पत्रे उडाले, ते गुडघाभर. गळ्याच्या वर गेलेलं काही मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. एकदा विचारलं, "आणि त्याच्याही वर असलं तर?"

"मंग बांस तळाले लागत नाई," असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक मासा वाढला आणि विषय संपवला.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साकोलीकडच्या एका गावात तलावावर मासे धरतात. एक लाकडी डोंगा, तो ढकलायला एक लांब बांबू, म्हणजे त्यांचा बांस, एक जाळं, एवढा संसार. मी आता परत भंडाऱ्यात सरकारी कचेरीत, पंख्याखाली. तरी मी या माणसावर जळतो, आणि हे कबूल करायला मला पंचेचाळिशी गाठावी लागली.

कारण आमची खुशी. वय वर्षं दहा. मी तिला गिअरची सायकल आणली, तर "थँक्यू बाबा" दीड दिवस टिकलं. यांनी कमळाच्या देठाची माळ करून दिली, ती काळी पडून तिचा दोरा झाला तरी अजून तिच्या कंपासपेटीत आहे. सुट्टी लागली की पोरगी "मावसाजींकडे कधी जायचं?" हेच विचारते. परत आणायला गेलो की माझ्याकडे असं बघते, जणू मी जप्तीची नोटीस घेऊन आलोय.

यंदा मात्र संधी चालून आली. शहरातल्या महोत्सवाची मिरवणूक ठरली आणि समितीतल्या कोण्या गोवा फिरून आलेल्या सदस्यानं विषय काढला: समुद्री चाचे. आता भंडाऱ्यापासून समुद्र किती लांब, हे विचारण्याइतकं भान कोणाला होतं? आमच्या कॉलनीनं एक टेम्पो ठरवला आणि तीन आठवडे खपून पुठ्ठ्या-थर्माकोलचं जहाज उभं केलं. कप्तान मी, कप्तानाची लेक खुशी. मी नागपूरहून भाड्यानं पोशाख आणला. टोपी ठीक होती. गुडघ्यापर्यंतचे बूट एक नंबर लहान निघाले. डोळ्यावरची पट्टी चांगल्या डोळ्यावरच बसायची, आणि उरलेल्या डोळ्याला चष्म्याशिवाय आपलीच बायको शेजारीण वाटते. पण खुशी हसली होती. म्हणाली होती, "बाबा, तुम्ही खरेखुरे डाकू वाटता!" मी त्याच वाक्यावर आठवडा काढला.

मग बायकोनं बहिणीला फोन केला. "ताई, या ना सगळे. जहाजं निघून राहिली इथं."

मिरवणुकीच्या सकाळी आमच्या गल्लीत ट्रॅक्टर शिरला. मागच्या ट्रॉलीत डोंगा. नुसता डोंगा नव्हे, पाण्यात! ट्रॉलीला ताडपत्री अंथरून साडभाऊंनी वैनगंगेच्या काठावर मोटर लावून ती गुडघाभर भरून घेतली होती.

"हे काय केलं हो?" मी विचारलं.

"डोंगा उन्हात सुक्का ठेवला त फाटते जी," ते म्हणाले. "आन जहाज म्हटल्यावर पाणी नको का?"

खुशीनं माझ्या जहाजाकडे पाहिलं, डोंग्याकडे पाहिलं. "बाबा, तुमचं छान आहे. पण ते तरंगून राहिलं!" आणि चपला भिरकावून ती ट्रॉलीवर चढलीसुद्धा. डोंग्यात चपला चालत नाहीत, हा साडभाऊंचा कायदा तिला पाठ.

"अहो, काहून जळून राहिले? पोट्टीच त आहे," बायको म्हणाली.

"मी चाच्याच्या भूमिकेत आहे," मी म्हणालो.

मिरवणूक निघाली. पुढे ट्रॅक्टर, मागे आमचा टेम्पो. त्यामुळे दोन तास मला एका डोळ्यानं माझी लेक दिसत राहिली: मधल्या जागेवर बसलेली, मागे मावसाजी बांबू धरून, आणि लोक नुसते वेडे झालेले. डोंग्याची पुढची जागा मात्र रिकामी. तिथे घडी केलेला गमछा. समितीचे अध्यक्ष फोटोसाठी चढायला गेले, तर साडभाऊंनी हात जोडले, "नाई जी. ते जागा भरली हाय." मला वाटलं, बघा किती तोरा! कोण्या मंत्र्यासाठी राखलीय की काय!

बाजाराच्या चौकात एक गाय आडवी आली. ट्रॅक्टरनं ब्रेक मारला. ट्रॉलीतलं पाणी सगळं पुढे धावलं, तिथे आपटलं आणि तसंच मागे फिरून थेट आमच्या टेम्पोवर आलं. भंडाऱ्याच्या इतिहासातली पहिली लाट माझ्या अंगावर फुटली. पुठ्ठ्याचं जहाज आधी वाकलं, मग बसलं. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या झाल्या. त्याही ट्रॅक्टरकडे बघून.

"साडभाऊ!" ट्रॉलीवरून तुळशीरामांनी मला हाक मारली. "या इकडे. बूट काढून या."

ओले बूट निघेनात. शेवटी मी ट्रॉलीच्या कडेवर बसलो, एक पाय खुशीनं ओढला, दुसरा साडभाऊंनी. भर चौकात. मी अनवाणी डोंग्यात उतरलो तेव्हा साडभाऊंनी पुढचा गमछा उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकला. "बसा."

"ही तर भरलेली जागा ना?"

"मंगेशची व्हय. जाळं टाकणारा समोर बसते."

मंगेश त्यांचा एकुलता एक. पुण्याला कंपनीत लागला. दोन दिवाळ्या झाल्या, आलेला नाही.

"मग आता जाळं कोण टाकतं?"

"मीच टाकतो. बांस मांडीखाली दाबून." ट्रॅक्टर पुन्हा चालू झाला. खुशी माझ्या गुडघ्याला टेकून लोकांना हात दाखवत होती. साडभाऊ तिच्याकडे बघत, पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं बोलले, "तुमचं बरं हाय जी. तुमची पोट्टी सांजच्याले तुमच्यासंग घरी जाते. मी लय जळतो तुमच्यावर."

मी डोळ्यावरची पट्टी काढली.

"साडभाऊ," मी विचारलं, "किती पाणी आहे?"

त्यांनी खाली ट्रॉलीत पाहिलं. "सांडून सांडून घोटाभर राहिलं."

"इथलं नाही. घरचं."

त्यांनी बांबू पाण्यातून काढला. तो आडवा मांडीवर ठेवला.

"उन्हाळ्यात खुशी महिनाभर तुमच्याकडे राहील," मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी पस्तावलो. पंधरा दिवस म्हणायला काय हरकत होती? "जाळं टाकायला शिकवा तिला. ही जागा तिला द्या."

खुशीनं किंचाळून माझ्या गळ्यात हात टाकले. निदान तेवढा वेळ तरी माझ्या.

मागे साडभाऊंनी बांबू उभा केला, पाण्यात सोडला. बांबू तळाला लागला, ताडपत्रीखाली ट्रॉलीचा पत्रा वाजला. ठण. त्यांनी पुन्हा एकदा वाजवून पाहिला.