वलांडीवरचा तांडेल

शिवदास तांडेलाच्या घरात एक नियम होता, आणि तो का आहे हे विचारायचं नाही, हा त्याच्यावरचा दुसरा नियम. दुखण्यातून उठलेल्या माणसाला स्वतःच्या हातापायांनी काहीही करू द्यायचं नाही. त्याने केलं, तर घरातल्या बायका मेल्या होत्या काय, असं कोळीवाडा विचारणार. (कोळीवाडा एरवीही काही कमी विचारत नसे.)

तांडेल म्हणून शिवदास ज्याचं सुकाणू धरायचा, त्या मचव्याची डोलकाठी पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या मांडीवर कोसळली होती. मुंबईच्या इस्पितळात हाड जुळलं. घरी पाठवताना डॉक्टरने बजावलं, "आता यांना रोज चालवा. नाहीतर पाय असून नसल्यासारखा होईल." डॉक्टरचं हे इंग्रजी घरच्यांना मराठीत करून सांगितलं पुतणी केसरने. ती मुंबईला बापाजवळ राहून कॉलेजात शिकत होती आणि काकांसाठी कॉलेज बुडवून न्हावा गावी आली होती. पण डॉक्टर कोळी नव्हता, आणि केसर पोरगी होती. दोघांचंही कोणी ऐकलं नाही.

नीराबाई काकूने नवऱ्याला जो ओटीवरच्या खाटेवर घातला, तो दिवाळी उलटली तरी उतरवला नाही. घास ती भरवायची, माशाचा काटाही तीच काढायची. परसाकडे न्यायचं तर चार भाऊबंद खाट खांद्यावर घ्यायचे. वाटेत नवखा माणूस भेटला की तो हात जोडून बाजूला उभा राहायचा. नाकावर माशी बसली तर शिवदास "नीरा, माशी!" असं ओरडून काकूची वाट बघायचा. मिशीला पीळसुद्धा काकूच द्यायची, आणि तो उलटा बसायचा. भर वादळात मचवा धक्क्याला लावणारा हा माणूस!

केसरने बुधाजी पाटलांना गाठलं. कोळीवाड्यात त्यांचा शब्द शेवटचा. ते नात्याने तिचे आजोबा लागत.

"आजोबा, काकांना चालू द्या."

"पोरी, पावसात आमी मचवा वर ओढताव, टेकू देताव, वरून शाकारताव. बसून ऱ्हायला म्हनून तो टिकतो. मानसाचं हाड तसंच हाय."

"मचव्याला पाय नसतात, आजोबा!"

"म्हनून तर तो तुझ्यावानी वाद घालत न्हाय."

इथवर केसरने दात-ओठ खाऊन ऐकलं. पण पुढचं भलतंच होतं. न्हाव्याची रीत अशी, की तांडेलाने आपल्या पायांनी पाण्यात उतरून मचव्याला हात लावायचा. ज्याला उचलून न्यावं लागतं, तो तांडेल नव्हे. शिवदास चालत नाही, तेव्हा परवा सुकाणू अनंताच्या हाती द्यायचं ठरलं होतं. अनंता म्हणजे काकूचा भाऊ. मचवा धक्क्याला बांधलेला असतानाही त्याला मळमळायचं.

"म्हणजे तुम्हीच त्यांना चालू देणार नाही, आणि चालत नाहीत म्हणून सुकाणूही काढून घेणार?"

"व्हय," बुधाजी म्हणाले. त्यांना त्यात काहीच वावगं दिसेना.

ही बातमी केसरने काकांना सांगितली. शिवदासने दाराकडे मान वळवली. मग हळूच म्हणाला, "नीरा बाजारात गेली का?"

गेले कित्येक दिवस काकू उरणच्या बाजारात गेली की काका-पुतणीचं एक गुपित चालायचं. केसर पाय वर-खाली करून घ्यायची, खांबाला धरून त्याला उभा करायची. आज मात्र खरोखरच चालायचं होतं, आणि धरायला दोन्ही बाजूंना काहीतरी हवं होतं. केसरने अंगणात नजर टाकली. समोरच, पार किनाऱ्यापर्यंत, बुधाजींच्या बोंबील वाळवायच्या वलांड्या उभ्या होत्या: वाळूत रोवलेले बांबू, त्यांवर आडव्या काठ्या, आणि काठ्यांवर ओळीने लटकणारे बोंबील. दोन वलांड्यांच्या मधे माणूस जाईल एवढी वाट. खालच्या काठ्या नेमक्या कमरेला!

(केसर कॉलेजात वजन आणि टेकू यांचं शास्त्र शिकली होती. बोंबलाचं वजन किती आणि तांडेलाचं किती, तेवढं मात्र तिने ताडून पाहिलं नाही.)

"पडन गो मी."

"पडलात तर वाळूत पडाल. खाटेवर तर रोजच पडून आहात."

केसरच्या खांद्यावर भार टाकून, एका पायावर लंगडत शिवदास वलांड्यांपाशी आला आणि त्याने काठ्या धरल्या. दुखरा पाय वेताच्या छडीसारखा थरथरला. मग तो टेकला. मग दुसरा. बोंबलांच्या दोन रांगांमधून तांडेल एखाद्या नवरदेवासारखा पुढे सरकू लागला. अर्ध्या वाटेवर आनंदाने त्याचा ऊर भरून आला, आणि त्याने सगळा भार डाव्या काठीवर टाकला.

कडकड असा आवाज झाला. डावी वलांडी उजवीवर गेली, उजवी तिसरीवर, आणि बुधाजींचा अख्खा हंगाम वाळूत आला. कावळे आले. कुत्री आली. आणि नेमकी त्याच वेळी डोक्यावर पाटी घेऊन काकूही आली.

तिने बघितलं ते असं: खाट रिकामी, अंगणात बांबूंचा ढीग, आणि त्यातून डोकावणारं नवऱ्याचं मुंडासं. पाटी गेली एकीकडे.

"गेला वो माझा तांडेल! बोंबलात गेला!"

सगळा कोळीवाडा धावला. बुधाजींनी कपाळाला हात लावला, तो शिवदाससाठी की बोंबलांसाठी, हे कळायला मार्ग नव्हता. चौघे जण ढीग उपसू लागले. केसर त्यांच्यात घुसून दोन्ही हातांनी बांबू ओढू लागली. आपण माणूस मारला, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं.

काकू ढिगावर पडून छाती पिटत होती. तेवढ्यात पाठीमागून कोणीतरी विचारलं, "कोन मेला गो?"

"तुमीच मेलाव की!" काकू मागे न बघताच रडत म्हणाली.

मग तिने मागे बघितलं, आणि आधीच्यापेक्षा मोठी किंकाळी फोडली. शिवदास उभा होता! हातात मोडका बांबू, मिशीत खवले. मुंडासं ढिगातच टाकून तो पलीकडच्या बाजूने निसटला होता, आणि बोंबील पळवणाऱ्या कुत्र्यांच्या मागे पार अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन आला होता, आणि आपण चाललो हे त्याच्या अजून लक्षातही आलं नव्हतं.

सगळ्यांचे डोळे पांढरे झाले. पहिले सावरले ते बुधाजी.

"बघताव काय? दुखनाईत मानूस उभा हाय! उचला त्याला, खाटेवर घाला! केसर, तू पाय धर!"

"नाही धरणार."

"काय म्हनलीस?"

"नाही धरणार! आणि दुसऱ्या कोणाला धरूही देणार नाही. त्यांचे पाय आहेत, ते त्यांच्याजवळच राहू देत. ते चालत मचव्याकडे जातील, आणि सुकाणू त्यांचंच राहील."

बुधाजी गप्प झाले. काकू गप्प झाली. ढीग उपसणारे भाऊबंद तोंडं उघडी ठेवून जिथल्या तिथे थांबले. न्हाव्याची थोर माणसं आपल्या शब्दाने गप्प झाली, हे केसर जन्मात पहिल्यांदाच बघत होती. ती बांबूंच्याच ढिगावर चढली आणि पाठ करून ठेवलेलं सगळं बोलू लागली: रूढी, विवेक, रोग्याचा स्वाभिमान, अगदी सगळं.

बऱ्याच वेळाने तिच्या ध्यानात आलं, की सगळे तिच्या खांद्यावरून पलीकडे बघताहेत.

किनाऱ्याला शिवदास गुडघाभर पाण्यात उभा होता. एक हात बांबूवर, दुसरा मचव्याच्या कडेवर, आणि अनंताने दोर कसा गाढवासारखा बांधलाय म्हणून तो त्याला शिव्या घालत होता. थोरांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता तो हे बघून.

केसरच्या भाषणाकडे तोंड करून बसलं होतं ते एकटं कुत्रं, आणि तेही बोंबलाने तोंड भरलेलं होतं म्हणून गप्प होतं.